गोड्या बावीचं पाणी

कल्याणात कुणालाही विचारा, ती वाफेची सायकल कशाने फुटली? पारनाक्यावरचा हलवाईसुद्धा झारा थांबवून सांगेल की खाडीवरच्या मिठागऱ्याने ठोकलेलं काम ते, टिकणार किती? हात कच्चा, दुसरं काय. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. भांडखोर म्हणून माझी ख्याती आहे. आमच्या आळीत सांडपाण्यावरून मी दोन घरांशी बोलणं सोडलेलं आहे. पण विश्रामचा हात कच्चा होता असं म्हणणाऱ्या एकाशीही मी आजवर भांडलो नाही. का भांडलो नाही, ते आज लिहून काढतो.

मी गोपीनाथ दिघे. कायस्थ प्रभू, मॅट्रिक पास, कल्याणच्या रेल्वे इंजिन शेडात कारकून. विश्राम त्याच शेडात खलाशी होता. इंजिनं पुसायची, राख काढायची, बॉयलर धुवायचे, हे त्याचं काम. पण फिटर लोक कुठे अडले की हळूच त्यालाच हाक मारायचे, कारण पितळेची झडप त्याच्यासारखी घासणारा शेडात दुसरा नव्हता. काम निघालं की फिटरची फिटरी फिटरकडे आणि विश्रामचं फडकं विश्रामकडे. फिटरच्या जागेसाठी त्याने दोनदा तोंड उघडलं होतं आणि दोन्ही वेळा त्याला सांगण्यात आलं होतं की ज्याला सही करता येत नाही त्याने फिटर व्हायचं मनात आणू नये. एकदा तर ते उत्तर सुवाच्य अक्षरात मीच लिहून दिलं होतं.

प्लेगाचं पहिलं वर्ष सरल्यावर एक साहेब विलायतेला परत गेला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. त्यात एक सायकल होती. पुढचं चाक आठाच्या आकड्यासारखं वाकलेलं, मागच्या चाकाचं रबर सोललेलं. कुणी बोली लावेना. शेडातल्या एका विलायती मासिकात मी वाचलं होतं की तिकडे कुणी सायकलवर छोटा बॉयलर बसवून तिला वाफेवर पळवली. मी ते विश्रामला सांगितलं होतं, आणि तेव्हापासून त्याने माझी पाठ सोडली नव्हती. त्या चित्रावर तो तासन्‌तास बोट फिरवायचा. शेवटी आम्ही दोघांनी पदरमोड करून ती मोडकी सायकल घेतली आणि खांद्यावर टाकून त्याच्या पाड्यावर नेली.

सायकल आली, पण बाकीचं आणायचं कुठून? नवा बॉयलर घ्यायची आमच्यापैकी एकाचीही ऐपत नव्हती. मी घरातला आंघोळीचा तांब्याचा बंब काढला. लहानसा, वडिलांच्या वेळचा, मधोमध कोळशाची नळी आणि भोवती पाणी. विश्रामने तो पाहिला आणि हसायलाच लागला. म्हणाला, एवढं मोठं विलायती चित्र दाखवलंत आणि वस्तू तुमच्या मोरीतच होती, काखेत कळसा अन् गावाला वळसा. आईने मात्र घर डोक्यावर घेतलं. तिची समजूत काढायला मला आठवडाभर रोज विहिरीचं पाणी शेंदावं लागलं.

विश्रामने त्या बंबाला वरून जाड पत्रा चढवला, लोखंडी पट्ट्या आवळल्या, रिबीट ठोकले. पकडलेल्या दारूभट्टीचं सामान भंगारात निघालं होतं, त्यातली तांब्याची नळी वाफेसाठी घेतली. मोडक्या पंपाचं पितळी नळकांडं घासून त्याचं सिलिंडर केलं. रबराच्या जागी काथ्याचा दोर आणि त्यावर चामडं. आणि बंबाच्या डोक्यावर झडप. वाफ जास्त झाली की आपोआप उघडणारी आणि जास्तीची वाफ बाहेर सोडणारी. ती विश्रामने दीड महिना घासली. मासिकात पाहून कागदावर मी जे काढलं होतं त्यातलं अर्धं चुकीचं होतं, आणि ते त्याने मला न दुखावता दुरुस्त करून घेतलं. लोकांना मात्र मी सांगायचो की यंत्र मी काढलं आणि ठोकाठोक तेवढी विश्रामची.

हे सगळं काम विश्रामच्या अंगणात चाललं. आमच्या आळीत असला ठणठणाट कोण चालू देणार? दुर्गाडीच्या खाली, खाडीला लागून त्याचा पाडा. आठ महिने मी दर रविवारी तिथे जात होतो. जाताना आई हातात पाण्याचा तांब्या द्यायची, वर फुलपात्र पालथं घालून. तहान लागली की मी त्यातलं प्यायचो. विश्रामची बायको हौसाबाई मला बसायला पाट टाकायची, पण पाणी कधी विचारायची नाही. विचारलं तर मी नको म्हणणार आणि दोघांनाही मान खाली घालावी लागणार, हे ती जाणून होती. मला तिचा तो समजूतदारपणा फार आवडायचा. आज त्या आवडण्याची लाज वाटते.

आणि गंमत पाहा, परतताना त्याच हौसाबाईने दिलेली खाडीतली कोलंबी मी धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणायचो आणि आम्ही सगळे बोटं चाटत खायचो. कोलंबी चालायची, कारण ती आमच्या पाण्यात धुतली जायची. पाणी चालायचं नाही.

कार्तिकात पहिल्यांदा यंत्र चाललं. विश्राम वर बसला, मी मागून ढकललं, सिलिंडरने दोन आचके दिले आणि चाक आपणहून फिरायला लागलं. मिठागरांच्या बांधावरून तो थेट खाडीच्या टोकापर्यंत गेला. वरची झडप मधून मधून फुस्स करत होती. पाड्यातली सगळी माणसं मागून धावत होती आणि सगळ्यांत पुढे धोतर सावरत मी होतो. त्या दिवशी मला झालेला आनंद मी लपवला नाही. विश्रामला मिठीही मारली. नंतर घरी जाऊन आंघोळ केली, हेही लिहायला हवं.

बातमी शेडात पोचली. आमचा साहेब कडक होता, पण यंत्राचा वेडा. त्याने विश्रामला बोलावून घेतलं आणि मला दुभाषी केलं. म्हणाला, चैत्रात माझी कामं आटपली की एका रविवारी दुर्गाडीपासून शहाडच्या नदीपर्यंत जाऊन परत येऊन दाखव. आलास तर सही येवो न येवो, तू फिटर. विश्रामच्या आजाने आणि बापाने मिठागरात पाय कुजवले होते. तो स्वतः शेडात आला तो खलाशी म्हणून आणि मरणार तोही खलाशी म्हणून, असं सगळे धरून चालले होते. साहेबाचं बोलणं मी त्याला मराठीत सांगितलं तेव्हा त्याने ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.

आता पाण्याचं. शेडातली इंजिनं नदीच्या पाण्यावर चालायची. वरून आलेलं एक पत्रक मी स्वतः चार वेळा नकलून भिंतींवर लावलं होतं: बॉयलरात खारं किंवा मचूळ पाणी भरू नये, खार साचून झडपा जागीच चिकटून बसतात. इंग्रजीतलं ते पत्रक मला तोंडपाठ होतं, पण पालथ्या घड्यावर पाणी. माघात एकदा मी विश्रामला विचारलं की आपण बंबात भरतो ते पाणी कसं आहे, शेडातून दोन डबे आणायचे का. विश्राम म्हणाला, रेल्वेचं पाणी चोरून आणलं आणि कुणी पाहिलं तर आहे ती खलाशीगिरीही जायची. आणि गरजच काय? पाड्याच्या विहिरीला सगळा गाव गोडी बाव म्हणतो. त्याने पोहऱ्यातलं ओंजळभर पाणी माझ्यासमोर पिऊन दाखवलं.

"आमचे बावीचा पानी गोर हाय, गोपीराव," तो म्हणाला. "आजापासून यावरच वारलोय." पाड्यावरच्या बोलीत ड-ढचा र होतो; गोड ते गोर, वाढलो ते वारलो.

मी पोहऱ्यात वाकून पाहिलं. पाणी नितळ होतं. वासही घेतला. वास नव्हता. हाताच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, तसा तो पोहरा माझ्या हनुवटीखाली होता. बोट बुडवून जिभेला लावायचं, एवढंच काम होतं. ते मी केलं नाही. ठीक आहे म्हणालो आणि माझ्या तांब्यातलं पाणी प्यायलो.

पावसाळ्यानंतर तीनचार महिने त्या विहिरीचं पाणी खरंच बरं असावं. पुढे ऊन चढलं की खाडी आतून शिरत जाते. पाड्यातल्या माणसांना ते कळत नाही, कारण ते एका दिवसात बदलत नाही आणि जन्मापासून जीभ त्याच पाण्यावर वाढलेली असते. हौसाबाईच्या माठावर फाल्गुनात पांढरी झिलई धरलेली मी पाहिली होती. मला वाटलं, चुन्याने सारवलाय. विश्राम बंब रिकामाही करायचा नाही. उन्हाळ्यात बाव आटते, गोडं पाणी ओतून द्यायचं जिवावर यायचं, म्हणून नुसती वरून भर घालायचा. शेडातले बॉयलर खरवडून हाताची सालं काढणारा माणूस तो. पण तिथला खार परक्या पाण्याचा होता, घरच्या पाण्यावर त्याने संशय घेतला नाही.

ठरलेल्या रविवारी सकाळी दुर्गाडीखाली ही गर्दी. साहेब टांग्यात बसला आणि दुभाषी म्हणून मीही, मांडीवर आईने दिलेला तांब्या घेऊन. विश्रामने नवा मुंडासा बांधला होता. यंत्र सुटलं आणि शहाडच्या रस्त्याला लागलं. बैलगाडीवाले बैल आवरत बाजूला होत होते. पहिला मैल झाला, दुसरा झाला. साहेब घड्याळ काढून खूश होता. माझ्या लक्षात आलं की आज झडप फुस्स करत नाही. मी साहेबाला ऐटीत सांगितलं की बघा, आज वाफ वाया जात नाही.

विश्रामने तीच शांतता ऐकली आणि त्याला ती कळली. नदी समोर दिसत होती, फार तर दोनशे पावलं. दुसरा कुणी असता तर तेवढं रेटून नेलं असतं. तो थांबला, उतरला, यंत्र कडेला लावलं आणि मुंडासा सोडून हातांना गुंडाळला. माणसांना लांब व्हा म्हणून ओरडला आणि दोन्ही हातांनी झडपेचा दांडा उचलायला लागला. दांडा हलेना. तेवढ्यात खालच्या बाजूने पत्रा टरकला.

आम्ही पोचलो तेव्हा तो रस्त्यावर बसला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत उकडले होते. त्याने पाण्याची खूण केली. मी तांब्या घेऊन वाकलो आणि सवयीने वरून धार धरायला हात उंच केला. त्याने ओंजळ करायला हात उचलले, पण ते मिटेनात. मी तांब्या तसाच वर धरून उभा राहिलो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. साहेबाने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी खाली बसून तांब्या त्याच्या ओठांना लावला. दोन घोट घेऊन त्याने तोंड बाजूला केलं.

"यो पानी कवरा फिक्का," तो म्हणाला.

आमच्या विहिरीचं पाणी कल्याणात नावाजलेलं आहे. लोक लांबून न्यायला येतात. ते त्याला फिकं लागलं, आणि मला हौसाबाईच्या माठावरची पांढरी झिलई आठवली.

मोडकं यंत्र मी गाडीत घालून शेडात आणलं आणि बंब स्वतः उघडला. रिबीट सगळे जागच्या जागी होते, एकही सुटला नव्हता. आत बोटभर जाडीचा पांढरा थर होता. झडप तिच्या बैठकीत अशी बसली होती की हातोडीने ठोकून काढावी लागली. कडेला खडे होते. मी त्यातला एक जिभेवर ठेवला. मीठ होतं.

झडप घेऊन मी साहेबाकडे गेलो. एव्हाना हात कच्चा म्हणून साहेबाने विश्रामवर फुली मारली होती. झडप त्याने हातात उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "दोष पाण्याचा असेल, हाताचा नसेल, तर माझा शब्द कायम आहे. त्याचे हात बरे होऊ देत. मग त्याला घेऊन ये. पाणी कसलं होतं ते त्याच्या तोंडून ऐकेन." डॉक्टरच्या मते दोन महिन्यांत विश्रामला हातोडा धरता येणार होता. म्हणजे सगळं बुडालं नव्हतं. ज्येष्ठात, साहेबाने दिलेल्या सोमवारच्या आदल्या दिवशी, झडप खिशात घालून मी पाड्यावर गेलो. त्या दिवशी मी तांब्या नेला नाही. मुद्दाम नेला नाही.

विश्राम ओट्यावर बसला होता. हातांची कातडी गुलाबी झाली होती. मला पाहून तो उठला, आणि मी काही बोलायच्या आधी त्यानेच सुरुवात केली. झडप मीच घासली, रिबीट मीच ठोकले, तुमचा बंब वाया गेला, तुमच्या आईला काय तोंड दाखवू. मी म्हणालो, तेच सांगायला आलोय, पण ऊन फार आहे, आधी घोटभर पाणी दे.

हौसाबाई दारात होती. तिने माझे रिकामे हात पाहिले. मग आत गेली. बराच वेळ लागला तिला. बाहेर आली तेव्हा तांब्या चिंचेने घासलेला होता आणि तिने डोक्यावरून पदर घेतला होता. शेजारच्या दोन बाया कुडाशी येऊन उभ्या राहिल्या. आठ महिन्यांत जे घडलं नव्हतं ते घडताना त्यांना पाहायचं होतं. मी तांब्या घेतला आणि प्यायलो. पहिल्याच घोटाला जीभ आखडली. मीठ घालून ठेवलेलं ताक लागावं तसं. मी डोळे न मिटता तांब्या रिकामा केला.

हौसाबाई माझ्याकडे पाहत होती. तिचे डोळे भरून आले होते.

"गोर हाय ना, गोपीराव?" विश्रामने विचारलं.

हाच तो क्षण. खारट आहे म्हणायचं, खिशातली झडप काढून त्याच्या समोर ठेवायची आणि सांगायचं की तुझा हात चुकला नाही. पण आठ महिने ज्या घरचं पाणी मी टाळलं, त्या घरचं पहिलं पाणी पोटात गेल्या गेल्या त्याला नावं ठेवायची? ती दारात पदर घेऊन उभी असताना? मला ते जमलं नाही.

"गोड आहे," मी म्हणालो.

विश्रामने समाधानाने मान हलवली. मग मांडीवरचे हात उलटेपालटे करून पाहिले.

"मंग पान्याचा दोष नाय," तो म्हणाला. "मना पन एक डाव तसाच वाटला व्हता. बरा झाला सांगलाव. हातच चुकला माजा."

म्हणजे त्याला शंका आली होती. माझ्या एका शब्दाने ती गेली. मी झडप खिशातच ठेवली आणि साहेबाने उद्या बोलावलंय एवढंच सांगून निघालो. वाटेत शंभर वेळा ठरवलं की उद्या साहेबासमोर बोलायचं.

सोमवारी विश्राम आला. साहेबाने विचारलं, यंत्र कशाने फुटलं. मी प्रश्न मराठीत केला. विश्राम म्हणाला, पाणी गोडं होतं साहेब, माझा हात चुकला. साहेबाने माझ्याकडे पाहिलं. झडप माझ्या खिशात होती. मी उत्तर जसंच्या तसं इंग्रजीत केलं. विश्रामच्या देखत त्याच्या घरच्या पाण्याला खारट म्हणवेना, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की साहेबाचा पुढचा प्रश्न मला आधीच ऐकू येत होता: आठ महिने तिथे जात होतास, पत्रकं तू लिहितोस, एकदा चाखून पाहिलं नाहीस? साहेबाने खांदे उडवले आणि फिटरची जागा नाकारल्याच्या कागदावर सही केली. त्या सहीखाली तारीख मी घातली.

विश्रामने महिन्याभरात शेड सोडलं. आता तो मिठागरात असतो. हातोड्याला हात लावत नाही. पाड्यातल्या कुणाची कुदळ सैल झाली तर म्हणतो, माझ्याकडे नको, माझ्या हाताचा भरवसा नाही. त्याने घासलेली झडप माझ्या मेजावर कागद दाबायला असते. मीठ धुऊन काढलं, आता ती बोटाच्या धक्क्यानेही उघडते आणि मिटते.

मी अजून कधीमधी रविवारी जातो. माझी चाहूल लागली की हौसाबाई तांब्या घासायला घेते. मी सगळं पाणी पितो, तळाशी थेंब ठेवत नाही. विश्राम विचारतो, गोर हाय ना? आणि मी हो म्हणतो.